पाच इंची टेनिस कोर्ट

जुन्या गेम्सचं वेड हॉस्टेलमध्ये परत आलंय हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. उद्या सबमिशन, जर्नल अर्धं कोरं, आणि कुणाच्या तरी लॅपटॉपवर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ रंगात आलेला, हे दृश्य आता प्रत्येक मजल्यावर दिसतं. पण एक गंमत बघा. यातले बरेच गेम्स नव्या मशीनवर पूर्वीसारखे चालतच नाहीत. डॉसच्या काळातले कित्येक गेम्स वेळ मोजायचे ते प्रोसेसरच्या वेगावर. मशीन दहापट फास्ट झालं की गेममधला माणूसही दहापट फास्ट धावतो आणि आपण बटण दाबायच्या आत खड्ड्यात! म्हणून तर पूर्वीच्या पीसीच्या डब्यावर ‘टर्बो’ नावाचं एक बटण असायचं. नाव टर्बो, पण त्याचा खरा उपयोग मशीन मुद्दाम हळू करायला. टीव्हीवर बदकं मारायची ती प्लॅस्टिकची बंदूक आठवते? ती जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीचा प्रकाश ओळखायची. एलसीडीसमोर धरली तर बदकं सुखरूप राहतात.

म्हणजे प्रत्येक जुन्या गेमला त्याच्या काळचं हार्डवेअर लागतं, थोडं किंवा जास्त. आज ज्या माणसाबद्दल लिहितेय त्याने तर असा गेम केला होता की त्यात हार्डवेअर सोडून दुसरं काही नव्हतंच. प्रोग्रॅम नाही, मेमरी नाही, एक ओळसुद्धा कोड नाही. वायरी उपसल्या की गेम संपला. आणि त्या वायरी खरोखरच उपसल्या गेल्या!

माणसाचं नाव विल्यम हिगिनबॉथम. वयाने माझ्या पणजोबांच्या बरोबरीचा, त्यामुळे ‘अहो-जाहो’ करायला हवं. पण त्याच्या लॅबमधले लहानथोर सगळे त्याला ‘विली’च म्हणायचे, म्हणून मीही एकेरीवर येते. (माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मध्ये मध्ये इंग्रजी शब्द देवनागरीत घुसले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. ‘दोलनदर्शी’ असं लिहिलं तर आपल्या लॅबमधल्या काकांनाही कळणार नाही मला काय हवंय ते.)

विलीचा जन्म २५ ऑक्टोबर १९१० चा, अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट गावचा. वडील चर्चमध्ये पाद्री. बालपण न्यूयॉर्क राज्यातल्या कॅलेडोनिया नावाच्या छोट्या गावात गेलं. १९३२ मध्ये विल्यम्स कॉलेजातून तो पदवीधर झाला. तो काळ महामंदीचा, नोकऱ्यांचा ठणठणाट. प्लेसमेंटच्या नावाने आपण आज जे रडतो ते त्यापुढे काहीच नाही. पुढे तो कॉर्नेल विद्यापीठात फिजिक्स शिकायला गेला आणि तिथेच इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्याचा हात बसला.

१९४१ मध्ये एमआयटीच्या रेडिएशन लॅबोरेटरीने त्याला बोलावलं. नाव रेडिएशन, काम मात्र रडारचं. ते लोकांना कळू नये म्हणून असं दिशाभूल करणारं नाव दिलेलं. विलीकडे आलं ते डिस्प्लेचं काम: विमानातून सोडलेल्या रेडिओ लहरी जमिनीवरून परत आल्या की त्यांचं चित्र कॅथोड रे ट्यूबवर कसं उमटवायचं. इकडून व्होल्टेज द्यायचं, तिकडे काचेवर ठिपका हलवायचा. आपण सेकंड इयरला सीआरओवर लिसाजू फिगर काढून ओरलला तोंड देतो, तीच विद्या. फक्त त्याच्या ठिपक्यावर विमानातल्या माणसांचा जीव अवलंबून होता.

तिथून १९४३ च्या अखेरीस तो लॉस अलामोसला गेला. न्यू मेक्सिकोच्या डोंगरातली ती गुप्त वसाहत आता सिनेमामुळे सगळ्यांना माहीत आहे, पण सिनेमात इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना कोण विचारतो! प्लुटोनियमच्या बॉम्बमध्ये गोळ्याच्या भोवती ३२ ठिकाणी स्फोटकं एकाच क्षणी पेटावी लागतात. एकाच क्षणी म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशोबात. मागेपुढे झालं तर गोळा सगळीकडून सारखा दाबला जात नाही आणि सगळं फुसकं. शिवाय स्फोटात नेमकं काय झालं हे मोजणारी उपकरणं तर कुठल्या दुकानात मिळत नव्हती. विली पुढे तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स ग्रुपचा प्रमुख झाला. बॉम्बची टायमिंग सर्किट्स आणि मोजमापाची साधनं हे त्याच्या ग्रुपचं काम. ‘फाइनमन लेक्चर्स’च्या मुखपृष्ठावर तिसरं नाव आहे ना, मॅथ्यू सँड्स? तो याच ग्रुपमध्ये होता. या मंडळींनी बनवलेली सर्किट्स सँड्सने विल्यम एलमोरबरोबर १९४९ मध्ये पुस्तकात छापली आणि मग सगळे त्यावरून शिकले.

त्या वसाहतीत विली आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होता, अकॉर्डियन! काम संपलं की हा गळ्यात अकॉर्डियन अडकवून नाचाला साथ द्यायला हजर. ही वाजवायची हौस त्याला शेवटपर्यंत पुरली. आपल्या गॅदरिंगच्या ऑर्केस्ट्रात नक्की खपून गेला असता.

१६ जुलै १९४५ ला पहाटे साडेपाचच्या सुमारास वाळवंटात पहिली चाचणी झाली. तीन आठवड्यांनी हिरोशिमा, त्यानंतर तीन दिवसांनी नागासाकी.

इथून विलीचं आयुष्य वळतं, आणि माझ्या मते त्याच्या चरित्रातला हा भाग सगळ्यात मोठा आहे. गेम्सवरच्या पुस्तकांत तो दोन ओळींत उरकतात. लॉस अलामोसच्या बऱ्याच शास्त्रज्ञांना युद्ध संपल्यावर धक्का बसला होता. आपण हे काय करून ठेवलं, आणि आता ते कुणाच्या हातात जाणार? ऑगस्ट संपता संपता त्यांनी संघटना बांधली, तिचा अध्यक्ष विली. वर्ष संपायच्या आत देशभरच्या अशा संघटना मिळून अणुशास्त्रज्ञांचा महासंघ उभा राहिला. नंतर त्याचंच नाव ‘फेडरेशन ऑफ अमेरिकन सायंटिस्ट्स’ झालं. त्याचा पहिला अध्यक्षही विलीच. सोल्डरिंग गन ठेवली आणि हा गडी वॉशिंग्टनला जाऊन बसला.

तिथे लढाई होती एका कायद्याची. ऑक्टोबर १९४५ मध्ये जे विधेयक मांडलं गेलं त्यात अणुऊर्जेवर लष्कराचा वरचष्मा राहणार होता. शास्त्रज्ञांचं म्हणणं, हे नागरी मंडळाच्या हातात हवं. आता विचार करा, ज्यांनी आयुष्यात ग्राफ आणि ग्रिड यापलीकडे काही पाहिलं नाही ते लोक खासदारांच्या दारात उभे. त्यांना न्यूट्रॉन म्हणजे काय ते सोप्या भाषेत समजावताहेत, पत्रकं काढताहेत, पेपरवाल्यांना गाठताहेत. आपल्याकडे साधा मेसचा मेनू बदलायचा तर सह्यांचा कागद तीन दिवस फिरतो आणि चौथ्या दिवशी हरवतो! यांनी मात्र वर्षभर पिच्छा पुरवला. शेवटी सिनेटर मॅकमोहन यांचं दुसरं विधेयक पास झालं आणि १ ऑगस्ट १९४६ ला अध्यक्ष ट्रुमन यांनी त्यावर सही केली. अणुऊर्जा नागरी आयोगाकडे गेली. बॉम्ब बनायचे थांबले का? नाही. उलट वाढले. त्या कायद्यात माहिती दाबून ठेवायची कलमंही भरपूर होती. पण चाव्या लष्कराच्या खिशात गेल्या नाहीत, एवढं तरी झालं.

१९४७ मध्ये विली ब्रुकहेवन नॅशनल लॅबोरेटरीत रुजू झाला. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लष्कराची एक जुनी छावणी होती, कँप अप्टन. तिथेच ही नवी लॅब निघाली होती, अणूच्या शांततेच्या कामांसाठी, आणि चालायची ती त्याच नागरी आयोगाच्या पैशावर. म्हणजे ज्या कायद्यासाठी भांडला, त्याच्याच सावलीत याला नोकरी. पुढे तो इन्स्ट्रुमेंटेशन विभागाचा प्रमुख झाला. फिजिक्सवाले म्हणणार, आम्हाला अमुक कण मोजायचाय; हे म्हणणार, थांबा, काउंटर बनवून देतो.

आता येतो आपला गेम.

अणूची लॅब म्हटल्यावर आसपासच्या गावकऱ्यांच्या मनात धाकधूक असणारच. म्हणून दर वर्षी शरद ऋतूत ब्रुकहेवनमध्ये लोकांसाठी लॅब खुली असायची. लोक यायचे, फोटो आणि न हलणारी मॉडेल्स बघायचे, जांभया द्यायचे आणि जायचे. आपल्या टेक फेस्टला बाकीच्या डिपार्टमेंटची पोस्टर्स बघताना आपलं जे होतं तेच. (आमच्या ईअँडटीसीची पोस्टर्स सोडून, अर्थात.) १९५८ च्या भेटीच्या दिवसांसाठी विलीने ठरवलं की यंदा लोकांना हात लावता येईल असं काहीतरी ठेवायचं.

विभागात ‘डोनर मॉडेल ३०’ नावाचा एक छोटा ॲनालॉग कॉम्प्युटर होता. त्याच्या मॅन्युअलमध्ये उदाहरणं दिली होती: बंदुकीच्या गोळीचा मार्ग कसा काढायचा, क्षेपणास्त्राचा कसा, उसळणाऱ्या चेंडूचा कसा, हवेचा अडथळा धरून. बॉम्बची टायमिंग सर्किट्स केलेल्या माणसाने हे पान उघडलं आणि गोळी नको, क्षेपणास्त्र नको, चेंडू उचलला. मला हे फार आवडलं. त्यात काही अर्थ शोधू नका हवं तर, पण आवडलं.

ॲनालॉग कॉम्प्युटर हा प्रकार आपल्या सिलॅबसमध्ये एका युनिटच्या कोपऱ्यात पडलेला असतो, पण आहे भारी. त्यात आकडे नसतात, व्होल्टेज असतं. ऑप-ॲम्पच्या फीडबॅकमध्ये कॅपॅसिटर टाकला की तो इंटिग्रेटर होतो, हे आपण घोकतो. कशासाठी ते इथे कळतं. गुरुत्वाकर्षण म्हणजे एक स्थिर व्होल्टेज. ते एकदा इंटिग्रेट केलं की खाली पडायचा वेग मिळाला, दुसऱ्यांदा केलं की उंची. आडव्या दिशेचं तसंच, वेगळ्या सर्किटने. उंचीचं व्होल्टेज सीआरओच्या वाय प्लेट्सना, अंतराचं एक्स प्लेट्सना, झाला चेंडू तयार! उंची शून्यावर आली की रिले फिरतो, वेगाची दिशा उलटी होते, चेंडू टप्पा खाऊन वर. नेटच्या जागी चेंडू खाली असला तर नेटला आपटून मागे. कुठेही ‘जर असं तर तसं’ अशी ओळ लिहिलेली नाही. न्यूटनचे नियम वायरीत बसवलेत आणि चेंडू त्या नियमांचं ऐकतोय, बस.

एक अडचण होती. सीआरओमध्ये किरण एकच, आणि दाखवायच्या गोष्टी तीन: चेंडू, नेट आणि जमीन. विलीने त्या वेळी नव्याने वापरात येत असलेले ट्रान्झिस्टर घेतले आणि त्यांच्याकरवी किरण या तिघांमध्ये पाळीपाळीने फिरवला, सेकंदाला ३६ वेळा. डोळ्याला तिन्ही एकदम दिसतात. बाकी कॉम्प्युटर व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा, खेळातला तर्क रिलेवर आणि हे एक काम ट्रान्झिस्टरवर. तीन पिढ्यांचं इलेक्ट्रॉनिक्स एका टेबलावर!

कल्पना आणि ढोबळ डिझाइन दोनेक तासांत झालं म्हणतात. पक्की ड्रॉइंग्ज काढली, टेक्निशियन रॉबर्ट ड्वोरॅकने जोडणी केली. मग दोन दिवस डीबगिंग, आणि सगळं मिळून तीन आठवड्यांत काम फत्ते. इथे ड्वोरॅकचं नाव मी मुद्दाम लिहितेय. बऱ्याच ठिकाणी ते गाळलेलं असतं, आणि आपल्या लॅबमध्ये ब्रेडबोर्डशी खरी झटापट कोण करतं हे आपल्याला चांगलं माहीत आहे.

१८ ऑक्टोबर १९५८. पाच इंची गोल पडदा. खाली आडवी रेघ, मध्ये उभी छोटी रेघ, आणि एक उजळ ठिपका. कोर्ट बाजूने बघितल्यासारखं. रॅकेट नाही, खेळाडू नाही, स्कोअर नाही. दोघांच्या हातात ॲल्युमिनियमची एकेक डबी, तिच्यावर एक नॉब आणि एक बटण. नॉबने कोन ठरवायचा, बटणाने मारायचं. किती जोरात मारायचं ते मात्र तुमच्या हातात नाही. आणि मारलं की रिलेचा ‘टक्’ आवाज. तो आवाज कुणी मुद्दाम टाकला नव्हता, रिले वाजतातच, पण खेळणाऱ्याला वाटायचं बॉल लागला! लोकांनी शेकड्यांनी रांगा लावल्या. बाकीची प्रदर्शनं ओस. पुढच्या वर्षी, १९५९ मध्ये, मोठा पडदा आणला आणि चंद्रावरचं कमी किंवा गुरू ग्रहावरचं जास्त गुरुत्वाकर्षण घेऊन खेळायचीही सोय केली. त्यासाठी काय केलं असेल? ते एक व्होल्टेज बदललं. संपलं.

हे वाचल्यावर आम्हा तिघींना राहवेना. मिनी प्रोजेक्टसाठी विषय हवाच होता. तपकीर गल्लीतून टीएल०८४ आणि छोटे रिले आणले, ब्रेडबोर्डवर फक्त चेंडू आणि जमीन एवढंच जमवलं. नेटपर्यंत आम्ही पोहोचलो नाही. आयसीचा ऑफसेट इंटिग्रेटरमध्ये साठत जातो, त्यामुळे आमचा चेंडू थोड्या वेळाने फुग्यासारखा वर निघून जायचा. मग कॅपॅसिटर शॉर्ट करा, पुन्हा सुरू. पण सांगायचं ते वेगळंच. आधी आम्ही तो लॅबमधल्या नव्या डीएसओवर एक्स-वाय मोडमध्ये बघितला. पडद्यावर ठिपक्यांची रांग, अडखळत चालणारी, मुंग्यांसारखी. मशीन सिग्नलचे तुकडे मोजतं, मग चित्र काढतं. लॅबमधले काका थोडा वेळ बघत राहिले, आणि काही न बोलता कपाटावरचा कापड झाकलेला जुना सीआरओ त्यांनी खाली उतरवला. तो गरम व्हायला वेळ लागला. मग हिरवा ठिपका आला, एकच, सलग, मागे पुसट शेपटी घेऊन. पडायला लागला की जड वाटायचा, वर जाताना अगदी वरच्या टोकाला क्षणभर रेंगाळायचा. रिले टक्, टक्. आम्ही तिघी आणि काका, कुणी काही बोललं नाही बराच वेळ. कॉम्प्युटरवर या गेमच्या नकला आहेत, मी खेळलेय, ठीक आहेत. त्यांच्यात चेंडूची जागा दर वेळी हिशोब करून ठरवतात. इथे तसा हिशोब कुणी करतच नव्हतं, कॅपॅसिटर भरत होता आणि रिकामा होत होता, इतकंच.

ब्रुकहेवनमध्ये दोन वर्षं तो खेळ चालला आणि मग मोडला. कॉम्प्युटर आणि सीआरओ दुसऱ्या कामाला हवे होते. वायरी उपसल्या, सामान ज्याचं त्याला परत. विलीला त्यात काही विशेष वाटलं नाही. मॅन्युअलमध्ये उसळणारा चेंडू होताच, आपण नेट टाकलं, असा त्याचा हिशोब. पेटंट घेतलं असतं तरी ते सरकारी लॅबचं म्हणून सरकारकडेच गेलं असतं.

१९६८ मध्ये त्याने पुन्हा जुना धागा पकडला. ब्रुकहेवनमध्ये अणु-सुरक्षेसाठी एक तांत्रिक गट निघाला आणि विली त्यात गेला, तो १९८४ मध्ये निवृत्त होईपर्यंत तिथेच. सुरक्षा म्हणजे दारावर पहारेकरी नव्हे. हे जवळजवळ अकाउंटिंग आहे. अणुभट्टीत, कारखान्यात, पुनर्प्रक्रियेत युरेनियम आणि प्लुटोनियम किती आलं, किती गेलं, शिल्लक किती. हिशोबात फरक निघाला तर तो मोजमापातल्या चुकीचा, पाइपला चिकटून राहिलेल्या मालाचा की कुणी पळवलेल्याचा? आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था एका बॉम्बसाठी ८ किलो प्लुटोनियम पुरेसं धरते. वर्षाला टनांनी माल फिरणाऱ्या कारखान्यात ८ किलो म्हणजे मोजमापात अर्धा-एक टक्का इकडेतिकडे झालं तरी झाकून जाईल. तेव्हा हे काम शेवटी इन्स्ट्रुमेंटेशनवाल्याचंच. आपल्या पालघर जिल्ह्यातल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकेच्या मदतीने उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये सुरू झाल्या, त्याही अशाच आंतरराष्ट्रीय देखरेखीच्या अटीवर. १९७४ पासून विली याच विषयाच्या जर्नलचा तांत्रिक संपादक होता, तो थेट मरेपर्यंत. वीस वर्षं लोकांचे पेपर तपासत बसला. यात रांगा लागत नाहीत, टक् आवाज येत नाही. सगळं नीट चाललं तर काहीच घडत नाही, आणि काही घडलं नाही याची बातमी कोण छापणार?

दरम्यान बाहेर वेगळंच चाललं होतं. १९७२ मध्ये ‘पाँग’ आला, मॅग्नावॉक्सचा ‘ओडिसी’ आला, आणि टीव्हीवरच्या टेनिसने कंपन्या करोडोंत खेळायला लागल्या. मूळ पेटंटं राल्फ बेअर यांची. ज्यांना ती मोडायची होती त्यांच्या वकिलांना शोधता शोधता लाँग आयलंडवरचा हा जुना टेनिस सापडला. विलीला साक्षीला बोलावणं आलं. १९८२ मध्ये ‘क्रिएटिव्ह कॉम्प्युटिंग’ मासिकात त्याच्यावर लेख आला. संपादक डेव्हिड अहल यांनी तरुणपणी ब्रुकहेवनमध्ये तो खेळ स्वतः पाहिला होता. १९८५ मध्ये निन्टेन्डोही याच मुद्द्यावर कोर्टात गेली. कोर्टाने मानलं नाही. कारण काय तर, सीआरओवरच्या खेळात टीव्हीचा व्हिडिओ सिग्नलच नाही! कायद्याच्या दृष्टीने बरोबर असेल. आमच्या काकांना पटणार नाही.

‘जगातला पहिला व्हिडिओ गेम’ हा त्याचाच की नाही यावर लोक अजून हातघाईवर येतात. १९५१ मध्ये इंग्लंडात ‘निमरॉड’ नावाचं मशीन लोकांशी खेळलं होतं, १९५२ मध्ये केंब्रिजच्या ‘एडसॅक’वर फुल्ली-गोळा झाला होता. पण निमरॉड होतं कॉम्प्युटरची ताकद दाखवायला, आणि फुल्ली-गोळा पीएचडीच्या प्रबंधासाठी. विलीने निव्वळ मजा म्हणून केला. माझ्यापुरता तो वाद तिथे मिटतो.

विलीला मात्र हे सगळं थोडं लागलं. पत्रकार यायचे, विचारायचे ते टेनिसबद्दल. आपण ज्याच्यासाठी जन्मभर खपलो ते अण्वस्त्रप्रसार रोखण्याचं काम बाजूला राहणार, आणि लोक आपल्याला तीन आठवड्यांच्या खेळण्याने ओळखणार, याची खंत त्याला होती. मला ती खंत पटते. पण काय करणार, मी स्वतः गेमच्याच वाटेने त्याच्यापर्यंत आले. त्या ठिपक्याच्या मागे लागले नसते तर मॅकमोहन कायदा कशाशी खातात हे मला कुठून कळणार? आमच्या बॅचमध्ये या गेमचं नाव माहीत असलेले सात-आठ जण सापडले. अणुशास्त्रज्ञांच्या महासंघाचं नाव ऐकलेलं कुणीच नाही.

१० नोव्हेंबर १९९४ रोजी विली गेला, ८४ वर्षांचा होऊन. तीन वर्षांनी ब्रुकहेवनला ५० वर्षं पूर्ण झाली तेव्हा तिथल्या इन्स्ट्रुमेंटेशन विभागाने तो खेळ पुन्हा उभा करायचं ठरवलं. मूळ ड्रॉइंग्ज होती, माणसं हुशार होती. तरी विलीला लागले होते तीन आठवडे, यांना लागले तीन महिने, कारण जुने पार्ट्सच मिळेनात. २००८ मध्ये खेळाच्या पन्नाशीला तो पुन्हा मांडला गेला. पुढे जवळच्याच स्टोनी ब्रुक विद्यापीठाने जुन्या गेम्सच्या संग्रहाला त्याचं नाव दिलं.

आमचा ब्रेडबोर्ड अजून लॅबच्या शेवटच्या कपाटात आहे आणि सीआरओ काकांनी परत वर ठेवलेला नाही. नेट अजून बाकी आहे. कुणाला हात लावायचा असेल तर शुक्रवारी प्रॅक्टिकल सुटल्यावर या. रिले आपापले आणा, आमच्याकडे दोनच उरलेत.